३३ रुपयांत एक बिछाना

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ५० जणांच्या निवारा केंद्राच्या चालवणुकीसाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले आहेत. भागाकार करून पाहा. महिन्याला ५० हजार, माणशी महिन्याला हजार, दिवसाला जेमतेम ३३ रुपये. ‘निवारा केंद्र चालवण्यासाठी संस्था नेमणे आहे’ अशी पालिकेची जाहिरात वाचून तुमच्या संस्थेत हालचाल सुरू झाली असेल, तर अर्ज भरायच्या आधी हा भागाकार विश्वस्तांच्या बैठकीत मांडा. काम अंगावर घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण पदरचे किती जाणार हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

त्याच सूचना सांगतात की केंद्र २४ तास आणि बाराही महिने उघडं हवं, आठ-आठ तासांच्या पाळीने किमान तीन काळजीवाहक हवेत. वर एक व्यवस्थापक. चौघांच्या हातावर महिन्याला १२-१२ हजार टेकवले, तरी ४८ हजार झाले. उरलेल्या दोन हजारांत फिनाईल, चादरींची धुलाई, ढेकणांची फवारणी आणि विजेचं बिल बसवा. शिवाय तिघांनी वर्षाचे ३६५ दिवस आठ तास काम केलं तर साप्ताहिक सुट्टी कोणालाच मिळत नाही, म्हणजे बदलीचा चौथा माणूस आलाच. तुमच्या शहराला लागू असलेला किमान वेतनाचा दर लावून पाहिलात, तर बहुतेक ठिकाणी सगळं अनुदान पगारातच संपेल.

त्यामुळे अनुदानावर छप्पर चालतं, एवढंच धरून चाला. आजारी म्हाताऱ्याला सिव्हिलला नेणारी रिक्षा, हरवलेल्या कागदांसाठी तहसीलच्या चकरा, गावी नातेवाइकांचा शोध, आणि कधी तरी येणारा अंत्यविधीचा खर्च, हे पैसे संस्थेने वेगळे उभे करायचे असतात. माझ्या मते ५० खाटांच्या केंद्राला अनुदानाच्या निम्म्याइतकी तरी रक्कम दरवर्षी बाहेरून लागते. ती कुठून येईल याचं उत्तर तयार नसेल, तर आधी २५-३० जणांचं केंद्र मागा.

पैसा कोणाचा, आणि आज कोणत्या शीर्षाखाली

हा पैसा ‘दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान’ या लांबलचक नावाच्या योजनेतून येत आला. बांधकामाचा किंवा जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च आणि पहिल्या पाच वर्षांची चालवणूक केंद्र आणि राज्याने वाटून घ्यायची. महाराष्ट्रासारख्या राज्यात हे प्रमाण सुरुवातीला ७५:२५ होतं, पुढे ६०:४० झालं. पाच वर्षांनंतरची जबाबदारी राज्याची आणि नगरपालिकेची.

या शेवटच्या वाक्याकडे सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही. आता ते सगळ्यांच्या अंगावर आलं आहे. अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली आणि पहिल्या फेरीतल्या केंद्रांची पाच वर्षं तर केव्हाच उलटली. म्हणून पालिकेतल्या शहर अभियान व्यवस्थापन कक्षात गेल्यावर तुमचा पहिला प्रश्न असा हवा: ‘या केंद्राचं देयक आज कोणत्या लेखाशीर्षातून निघणार?’ पुण्यात हे काम समाज विकास विभागाकडे आहे, मुंबईत नियोजन खात्याकडे, लहान नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखालच्या एकाच टेबलावर. उत्तर साधारण तीन प्रकारचं येतं. अभियानाची शिल्लक वापरली जाते आहे असं सांगितलं, तर शिल्लक किती महिने पुरेल ते विचारा. राज्याकडून निधी अपेक्षित आहे असं उत्तर आलं, तर तो येईपर्यंत तुम्हाला उधारीवर केंद्र चालवावं लागेल हे समजून घ्या. पालिकेच्या स्वनिधीत तरतूद आहे असं म्हणाले, तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकातलं ते पान मागून घ्या. माझा भरवसा तिसऱ्या उत्तरावर सर्वांत जास्त आहे, कारण तिथे निदान भांडायला माणूस त्याच इमारतीत असतो.

भांडायला आधारही आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अन्नाच्या हक्कासाठीच्या याचिकेत २०१० साली दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीतल्या बेघरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिथून दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा हा निकष मोठ्या शहरांना लागू झाला. पुढे योजनेनेही तोच घेतला: लाखामागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. पुणे महापालिका ३१ लाख, म्हणजे ३१. कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे पाच. तुमच्या शहराचा आकडा काढा आणि आज चालू असलेल्या केंद्रांचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. अर्जाचं पहिलं पान तयार झालं.

मोजणी रात्रीची

दुसऱ्या पानावर बेघरांची संख्या हवी. जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर मोजले, पण ती मोजणी एका रात्रीची, २८ फेब्रुवारी २०११ ची. शहराचं सर्वेक्षण करून घेणं हे पालिकेचं काम आहे, पण सर्वेक्षण जुनं किंवा कागदावरचं असेल तर संस्थेने आपली मोजणी करून जोडावी.

ती दिवसा करू नका. दिवसा हमाल मार्केट यार्डात असतो, कचरावेचक बाई फेरीवर असते आणि मजूर नाक्यावर. रात्री दहानंतर जोडीजोडीने निघा: एसटी स्टँड, रेल्वेचा फलाट आणि बाहेरचा मंडप, उड्डाणपुलाखालची जागा, सरकारी रुग्णालयाचं आवार, भाजी मंडई, देवळाचा परिसर, नाशिकसारख्या गावात घाट. एकाच रात्री सगळ्या ठिकाणी जा, नाही तर तोच माणूस दोनदा मोजला जातो. बाया किती, एकट्या किती, मुलांसह किती, अपंग किती, आजारी किती हे वेगळं लिहा. कोणालाही उठवू नका, आणि चेहऱ्याचे फोटो काढू नका. प्रस्तावात फोटो घातला की वजन येतं असं पुष्कळांना वाटतं. टेबलावरच्या साहेबाला फोटोपेक्षा ठिकाणवार तक्ता जास्त उपयोगी पडतो, कारण तो त्याला जसाच्या तसा टिपणीत उतरवता येतो.

या तक्त्यावरूनच जागेचा वाद लढता येतो. पालिकेला शहराबाहेरची पडीक शाळा द्यायची असते. रात्रीची झोप आणि पहाटेचा धंदा यांत चार किलोमीटरचं अंतर पडलं, तर माणूस मंडईच्या ओट्यावरच झोपेल आणि तुमचं केंद्र रिकामं राहील. मग वर्षअखेरीस ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा येईल. जागा चुकीची असेल तर केंद्र नाकारण्याची तयारी ठेवा.

कागदपत्रं

इथे फार वेळ दवडत नाही, यादी जाहिरातीत असतेच. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, ‘एनजीओ दर्पण’चा क्रमांक, अनुभवाचे दाखले. अडतं ते एकाच जागी: विश्वस्त बदललेले असतात आणि बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतो. ज्यांच्या सह्यांनी तुम्ही करार करणार, ती नावं धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर नसतील तर छाननीतच बाहेर पडाल. हे काम जाहिरात निघण्याच्या आधीचं आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर डोळा असेल, तर सीएसआर-१ ची नोंदणीही आत्ताच करून टाका.

संस्था नसलेल्यांनीही खचू नये. सूचनांनी बचतगटांचे वस्तीस्तर संघ, युवक मंडळं, महाविद्यालयं यांनाही केंद्र चालवायला देण्याची मुभा ठेवली आहे. बचतगटाच्या बायकांनी चालवलेल्या केंद्राचं स्वयंपाकघर आणि संडास पाहावेत, मग मुभा का आहे ते कळतं.

एक सूचना कळकळीने. दरपत्रक भरताना सर्वांत कमी दर टाकून काम मिळवू नका. कमी भरलेला दर काळजीवाहकाच्या पगारातून वसूल होतो, आणि अर्धपोटी काळजीवाहक रात्री दोन वाजता दार उघडत नाही.

सही करण्याआधी करारनामा दोनदा वाचा

करारनामा पालिकेचा विधी विभाग तयार करतो आणि बरेचदा तो सफाईच्या ठेक्याच्या मसुद्यावरून बेतलेला असतो. त्यामुळे त्यात अनामत आणि दंड असतात, पण निवाऱ्याला लागणाऱ्या गोष्टी नसतात. त्या घालून घ्या. वीज आणि पाण्याचं मीटर कोणाच्या नावावर, आणि बिल कोण भरणार? छत गळलं तर दुरुस्ती किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने? अग्निशमन यंत्रणा आणि अग्निशमन दलाचा दाखला कोणी आणायचा? देयक दाखल केल्यापासून किती दिवसांत पैसे? पहिल्या तिमाहीची रक्कम आगाऊ मिळेल का? मुदत संपल्यावर नवी संस्था येईपर्यंत तुम्ही केंद्र चालवलंत तर त्या महिन्यांचं काय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महाग पडतो. मुदत संपली म्हणून कोणी ५० माणसांना बाहेर काढत नाही, आणि मुदतीबाहेरचं देयक लेखा विभाग काढत नाही.

आणखी एक अट डोळ्यांत तेल घालून पाहा. पैसे केंद्राच्या क्षमतेवर मिळणार की हजेरीवर? निवाऱ्यातली संख्या वर्षभर सारखी राहत नाही. पावसाळ्यात दाटी होते, उन्हाळ्यात लोक उघड्यावर झोपणं पसंत करतात, ऊसतोडीच्या आणि यात्रांच्या दिवसांत निम्मे जण हलतात. पगार मात्र बारा महिने तेवढाच. ‘हजेरीप्रमाणे’ हा शब्द खोडून ‘मंजूर क्षमतेप्रमाणे’ करून घ्यायला आठ दिवस लागले तरी लागू द्या.

नोंदवह्या

अनुदान अडतं ते बहुधा नोंदीपायी. केंद्र उत्तम चालतं, पण रात्रपाळीच्या माणसाने आठवडाभराची हजेरी एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली असते, आणि तपासायला आलेल्याला ती चटकन दिसते. रोज रात्री अकराला नाव, वय, कुठून आला, सही किंवा अंगठा. नाव सांगायचं नसेल तर ‘नाव सांगितलं नाही’ असं लिहा आणि खाट द्या. ओळखपत्र नाही म्हणून दार बंद करणं योजनेच्या मुळावरच घाव आहे.

हजेरीखेरीज जडवस्तूंची नोंदवही ठेवा: खाटा, गाद्या, ब्लँकेट, लॉकर, पंखे, खरेदीची तारीख, आणि फाटलेल्या ब्लँकेटांची निर्लेखनाची नोंद. तक्रारवही दाराजवळ टांगा. भेटवही सगळ्यांत उपयोगी. पालिकेचा कोणीही अधिकारी, समुदाय संघटक, डॉक्टर, नगरसेवक आला की चहा द्या आणि शेरा लिहून घ्या. सहा महिन्यांनी कोणी ‘केंद्र बंदच असतं’ असं म्हणालं, तर त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद तुमच्याकडे असतो. केंद्राची व्यवस्थापन समिती कागदावर ठेवू नका. महिन्याला बैठक घ्या, निवासी दोघे-तिघे त्यात असू द्या, इतिवृत्तावर त्यांच्याही सह्या घ्या.

कमावत्या निवाशांकडून त्यांच्या कमाईच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत वर्गणी घ्यायला सूचनांत वाव आहे. घ्यायची तर पावती देऊन घ्या आणि समितीच्या ठरावाने घ्या. दिले नाहीत म्हणून कोणाला बाहेर काढू नका. पावतीशिवाय घेतलेले दहा रुपये पुढे वर्तमानपत्रात दहा हजार होतात.

पैशाची बाजू साधी ठेवा. या अनुदानासाठी वेगळं बँक खातं. एका बाबीचा पैसा दुसरीकडे वळवायचा तर आधी लेखी परवानगी. शासकीय अनुदानावर मिळालेलं व्याज संस्थेचं नसतं. ते हिशोबात दाखवून परत करायचं असतं, आणि लहान संस्था नेमक्या इथे लेखाआक्षेपात सापडतात. उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर लगेच, मे-जूनमध्येच द्या. नियम बारा महिन्यांची मुदत देतो, पण तुमचं प्रमाणपत्र गेल्याशिवाय पालिका आपलं वर पाठवू शकत नाही आणि पुढचा हप्ता तिथेच अडकतो. देणगीदाराने दिलेल्या गाद्यांची पावती अनुदानाच्या फायलीत चुकूनही लागता कामा नये. आणि जे पत्र द्याल त्याची आवक क्रमांकासह पोच घ्या, साहेब कितीही ओळखीचे असोत.

हे सगळं नीट झालं तरी पैसे तीन-चार महिने उशिरा येतील असं धरूनच चालायला हवं. सहा महिन्यांचा पगार गाठीशी असल्याशिवाय केंद्र सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच खिशावर राहू नका

निवाऱ्यात येणारा प्रत्येक जण आणखी कोणत्या ना कोणत्या योजनेत बसतो. संकटात सापडलेल्या महिलांसाठी ‘मिशन शक्ती’खाली शक्ती सदन आहे. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची २०२२ पासूनची ‘स्माइल’ योजना आहे. तीर्थक्षेत्रं आणि पर्यटनाची शहरं तिच्यात आधी घेतली गेली, आपल्याकडचं त्र्यंबकेश्वर त्यांत आहे. वृद्धांची संख्या मोठी असेल तर त्याच मंत्रालयाचं वृद्धाश्रमांसाठीचं अनुदान पाहा. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी पालिकेच्या अर्थसंकल्पात पाच-पाच टक्के निधी राखीव ठेवायचा असतो. तो मार्चमध्ये घाईघाईने शिलाई यंत्रांवर आणि सायकलींवर खर्च होताना दिसतो. महिलांच्या निवाऱ्यासाठी त्यातून कायम तरतूद मागा. जेवणाचा खर्च चालवणुकीच्या ६ लाखांत नाहीच. जवळ शिवभोजन केंद्र असेल तर १० रुपयांची थाळी, नाही तर गुरुद्वारा, अन्नछत्र, मंगल कार्यालयं यांच्याशी बांधून घ्या. बाहेरून आलेलं अन्न कोणी, किती वाजता दिलं हे मात्र लिहून ठेवा.

कागद मिळवून देणं हाही एक प्रकारे निधीच आहे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. आधार झालं की बँक खातं, रेशन, निराधार पेन्शन, दवाखान्याची योजना यांची दारं उघडायला लागतात. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे रात्री येऊन मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने खात्री करायची असते. वर्षभरात किती जणांचं आधार झालं, किती जणांना पेन्शन लागली, किती घरी परतले, हे तीन आकडे देणगीदाराला दाखवता येतात आणि पालिकेला नाकारता येत नाहीत.

दोन गोष्टी मात्र केंद्राच्या कक्षेत नाहीत, त्या अंगावर घेऊ नका. एकटं, पालकाविना आलेलं अल्पवयीन मूल प्रौढांच्या निवाऱ्यात ठेवायचं नाही. १०९८ ला फोन करा आणि २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवा, कायदाच तसा आहे. आणि भ्रमिष्टासारखा फिरणारा माणूस पोलिसांनी रात्री तुमच्या दारात आणून सोडला, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम १०० त्यांना दाखवा. अशा माणसाला सरकारी दवाखान्यात तपासायला नेणं आणि बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. तपासणी झाल्यावर डॉक्टरच्या चिठ्ठीसह आला तर जरूर ठेवून घ्या, गोळ्यांची वेळ वहीत लिहा.

पुढच्या वर्षाची तयारी डिसेंबरात

महापालिकेचा अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत मांडला जातो, खात्यांकडून मागण्या त्याआधी जातात. म्हणून तुमचं पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आयुक्तांच्या टेबलावर हवं, मार्चमध्ये नव्हे. पत्र दोन पानांपेक्षा मोठं नको. लोकसंख्येच्या निकषाने किती निवारे हवेत, किती आहेत, माणशी दिवसाला खरा खर्च किती येतो (तुमच्या कीर्दीतून काढलेला, अंदाजाने नव्हे), आणि पुढच्या वर्षासाठी ‘बेघर निवारा केंद्र संचालन’ या स्वतंत्र लेखाशीर्षात किती तरतूद हवी. प्रत स्थायी समितीच्या सभापतींना, आणि शहरातली इतर केंद्रं चालवणाऱ्या संस्थांच्या सह्या खाली. एकट्या संस्थेचं पत्र ठेकेदाराच्या मागणीसारखं वाचलं जातं.

पत्राला उत्तर आलं नाही, तर ई. आर. कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना निवाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमायला सांगितल्या होत्या, त्याचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठवा आणि प्रत नगर परिषद प्रशासन संचालनालयाला द्या. सोबत थकलेल्या देयकांची यादी जोडा, दाखल केल्याच्या तारखा आणि आवक क्रमांकांसह.